नळीवरची जुनी तारीख

यशवंतपूर, बंगळूर
६ जानेवारी १९९७

उपेंद्र,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. तीन वर्षांत मी तुला एक ओळ धाडली नाही, आणि आता एकदम आशीर्वाद द्यायला लागलो तर तू कागद तिथेच मिटवशील. 'तू' मात्र ठेवतो. आमच्या गच्चीवरच्या खोलीत अडीच वर्षं राहून अंबुबाईच्या हातचा हुळी-भात खाल्लेल्या माणसाला अहोजाहो करणं माझ्याच्याने होत नाही.

पत्ता तुझ्या अंबुअक्कानेच दिला. तुझ्या आईला ती दर संक्रांतीला कार्ड टाकते, हे मला परवा कळलं. माझ्याच घरात टपालखातं चालतं आणि मला खबर नाही. मिरजेला दूध डेअरीच्या लॅबमध्ये आहेस म्हणे. मी आहे तिथेच आहे, मीडिया रूममध्ये. जिवाणूंचं खाणं शिजवतो, नळ्या भरतो, त्यांचे वाण सांभाळतो, पोरांची बोलणी खातो. मार्चअखेर निवृत्त होईन.

कामाचं विचारायला लिहितो आहे. लॅबमध्ये स्मृती नावाची पुण्याची मुलगी पीएचडीला आली आहे. तुझ्याच टेबलावर बसते. शेषगिरी सरांनी तिला तुझाच विषय दिला आहे, जिवाणूंमध्ये आपोआप होणारे बदल. मूळ वाण टीबीवरच्या त्या लाल औषधाच्या प्लेटवर पसरायचा, बाकीचे सगळे मरतात, बदललेला एखादा जगतो आणि ठिपका धरतो, ते ठिपके मोजायचे. तुला मी काय सांगणार, प्लेटमागे दोन यावेत, फार तर पाच. गेल्या गुरुवारी तिने प्लेट उजेडात धरली तर दोनशे चाळीस.

पोरीचा चेहरा उतरला. माझ्याकडे येऊन म्हणाली, "अंकल, सरांना ॲक्चुअली कसं सांगू? ते म्हणतील मीच कंटॅमिनेशन केलं. याआधी एकाला काढलं ना त्यासाठी?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. तुला तेव्हा दोनशे अठरा आले होते. आकडा मला अजून पाठ आहे. तुझा हात स्वच्छ नाही, औषध पचवणारा कुठला तरी दुसरा जिवाणू तुझ्या नळीत मिसळला आणि तू ते झाकलंस, असं सरांनी ठरवलं. तुझी पीएचडी गेली, शिफारसपत्र गेलं, वर नावाला डाग लागला तो लागलाच.

आता मला सांग, दोन वेगळी माणसं, मध्ये तीन वर्षं, आणि दोघांच्या हातून तीच घाण तेवढीच कशी होईल? पुण्या-मिरजेकडच्या लोकांच्या हाताला काही असतं असं म्हणावं तर अंबुबाई मला घरात घेणार नाही. वाण ठीकच आहे, माझ्याच हातच्या नळ्या आहेत. मग काय असेल? मला खरंच जाणून घ्यायचं आहे. स्मृतीने सरांना अजून सांगितलेलं नाही. काही सुचलं तर कळव.

नरसिंहराव


२२ जानेवारी १९९७

उपेंद्र,

कार्ड पोचलं. ना नमस्कार, ना सही. ओळी तीनच: "घाण असेल तर सगळीकडे सारखी निघेल. वीस नळ्या लावा, प्रत्येकीत अगदी थोडे जीव घालून. आकडे सारखे की वेडेवाकडे?"

अंबुबाईने कार्ड उलटून मागची बाजू पाहिली. मग म्हणाली, "स्वल्प तरी लिहायचं होतं की, जेवतोस का नाही तेवढं." मी म्हटलं, त्याने प्रश्न विचारला आहे, त्यातच सगळं आलं. तुझा स्वभाव मला माहीत आहे. कितीही राग असला तरी प्रश्न समोर आला की तुला राहवत नाही. मी त्याच भरवशावर पहिलं पत्र लिहिलं होतं, हे कबूल करून टाकतो.

वीस नळ्यांचा अर्थ लागायला मला दोन दिवस लागले. शेवटी स्मृतीने कागदावर झाड काढून दाखवलं. एका जिवाचे दोन, दोनाचे चार, असं नळीत रात्रभर चालतं. वाटेत कुठल्या तरी पिढीत कुणाची तरी नक्कल चुकते. ती चूक अगदी सुरुवातीला झाली तर तिची पोरंबाळं शेकड्याने होतात, शेवटाला झाली तर दोन-चारच. कधी होईल हे कुणाच्या हातात नाही, म्हणून एका नळीचा आकडा दुसरीला जुळणार नाही. उलट औषध खराब असेल, किंवा रोज त्याच हातातून तीच घाण पडत असेल, तर वीसही नळ्या साधारण एकाच सुरात बोलतील. एवढं सोपं आहे ते, आणि तीन वर्षांपूर्वी आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग लावल्या. स्मृतीने एक वीस, मी वेगळ्या खोलीत वेगळ्या वीस, म्हणजे हाताचा वाद नको. माझे आकडे असे: बासष्ट, अठ्ठेचाळीस, एक्क्याण्णव, सदतीस, पंचावन्न, एकशे चौदा, चव्वेचाळीस. तेरावी नळी मात्र आठशेच्या वर गेली, मोजता मोजता डोळ्यांत पाणी आलं. स्मृतीच्या सातव्या नळीने तसंच केलं. पुस्तकाप्रमाणे बहुतेक नळ्यांत शून्य किंवा एक यायला हवा होता.

म्हणजे घाण नाही. ते सगळे आपल्याच नळीत जन्माला आले. हा वाण चुकतो, दुसऱ्या वाणांपेक्षा शंभरपट चुकतो. उपेंद्र, तुझा हात स्वच्छ होता. हे वाक्य सुटं लिहायचं म्हणून मी नवा कागद घेतला होता, पण मग संकोच वाटला आणि इथेच लिहिलं.

मागच्या पत्रात मी वाण ठीकच आहे असं लिहिलं होतं. ठीक असावा, असं लिहायला हवं होतं. ब्याण्णवच्या उगादीला, म्हणजे तुमच्याकडच्या पाडव्याला, तू मिरजेला गेला होतास आणि आम्ही देवनहळ्ळीला माझ्या मावसभावाकडे गेलो होतो. शनिवार-रविवार धरून सुट्टी होती. त्यात वीज गेली, आणि जनरेटरला जोडायचा डीप फ्रीझरचा खटका राहिला. तो लावायचं काम माझं होतं. सोमवारी आलो तेव्हा खाली पाणीच पाणी. तेव्हा वाणाला थोडा त्रास झालेला असू शकतो. तेवढंच.

नरसिंहराव


९ फेब्रुवारी १९९७

उपेंद्र,

या वेळी तुझं कार्ड आलं नाही, तरी लिहितो. न लिहून चैन पडत नाही आणि ऐकायला अंबुबाईशिवाय कुणी नाही. तिला मी काल डीएनएची नक्कल कशी होते ते सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सरी, कळलं, आता दळण तेवढं आणून टाका."

तुला हे सगळं माहीत असणार, पण मला ते पहिल्यांदाच नीट कळलं. अठ्ठावीस वर्षं या जिवांना खायला घालतो आहे आणि आत काय चालतं ते कधी विचारलं नाही. एका जिवाणूत सत्तेचाळीस लाख अक्षरं आहेत. दर वेळी दोन व्हायचे म्हटलं की सगळी नव्याने उतरवायची, तीही पाऊण तासाच्या आत. लॅबमध्ये यायच्या आधी मी चार वर्षं बळेपेठेतल्या छापखान्यात खिळे जुळवायचो. त्यामुळे स्मृती सांगत गेली तसं मला सगळं दिसत गेलं. अक्षर उचलून बसवणारा स्वतःच हुशार आहे, लाखात एकदा चुकतो. दुसरा बसवलेल्या अक्षरावरून लगेच बोट फिरवतो, चुकलेलं उपटून दुसरं बसवतो. मग चूक कोटीत एकावर येते. त्याच्यामागून आणखी कुणी येतो आणि नवी ओळ मूळ ओळीशी ताडून पाहतो. तिघांच्या हातून निसटून जाणारी चूक अब्जात एखादी, तीसुद्धा नाहीच. तीनशे प्रती काढाव्यात तेव्हा कुठे एका प्रतीत एक अक्षर चुकतं. आमच्या मालकाला असे तीन नोकर मिळाले असते तर त्याने आम्हाला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

मी विचारलं, एवढं करतात तर शून्यच का नाही करत? स्मृती म्हणाली, "मग नवीन औषध आलं की सगळेच मरतील ना अंकल. आणि फार तपासत बसलं तर वेळ जातो, शेजारचा पुढे निघून जातो." मला हे फार आवडलं. थोडी चूक ठेवूनच जग चालतं, पण किती थोडी, याचा त्यांनी अंदाज बांधलेला आहे.

आपल्या वाणात तो तिसरा वाचणारा कामावर येत नाही, असा तिचा अंदाज आहे. त्यामुळे दर दोन-तीन प्रतींमागे एक चूक राहून जाते. अजून सिद्ध व्हायचं आहे. मूळ वाण तिने हैदराबादहून मागवला आहे, ताडून पाहायला.

मग मी आणखी एक विचारलं. तिसरा माणूस दोन ओळी ताडतो, त्यात एका जागी जुळत नाही. एकीत एक अक्षर, दुसरीत दुसरं. आता यातलं खोटं कुठलं, ते त्याला कसं कळतं? छापखान्यात आमच्याकडे हस्तलिखित असायचं, इथे तर दोन्ही ओळी एकाच शाईच्या. ती म्हणाली, जुन्या ओळीवर जागोजाग खुणा असतात, नवीवर त्या पडायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात तो येतो, खुणा पाहतो, जुनी ती खरी धरतो आणि नवीतलं अक्षर खोडतो.

"आणि चूक जुन्यातच असली तर?"

"तर ती पक्की होते, अंकल. मग तिला कोणीच विचारत नाही."

मी चहाचा कप तिथेच ठेवून मीडिया रूममध्ये गेलो. एक तास नळ्या धूत बसलो, त्या आधीच धुतलेल्या होत्या.

वाणाला थोडा त्रास झाला असावा, असं मागे लिहिलं, ते अपुरं आहे. नळ्यांना तसं काही झालं नव्हतं, आतले जीव बहुतेक जिवंत असणार. पण नावं गेली होती. माझं अक्षर तुला माहीत आहे, सगळ्या नळ्यांवर मी पट्टीवर शाईच्या पेनने लिहायचो. मार्करने लिहा म्हणून सर सांगून थकले होते. मार्करचं अक्षर मला गलिच्छ वाटायचं. बर्फाचं पाणी झालं आणि चाळीस नळ्यांवरची शाई वाहून गेली. सगळ्या पट्ट्या निळ्या, सगळ्या नळ्या सारख्या. त्यातली मूळ वाणाची कुठली, देव जाणे.

निवृत्तीला पाच वर्षं होती. आमच्या संयोगिताचं लग्न ठरत होतं. तू समजून घेशील असं म्हणत नाही, पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती.

नरसिंहराव


२ मार्च १९९७

उपेंद्र,

हैदराबादचा वाण आला. वीस नळ्या त्याच्याही लावल्या. शून्य, एक, शून्य, शून्य, दोन, शून्य, एका नळीत सतरा, पुन्हा शून्य. बघत राहावं असं काम आहे त्याचं.

तुझं कार्डही आलं. या वेळी एकच ओळ, "तुमच्या वाणाला कुठलं औषध लागत नाही ते पाहा." तू आता कुठे बोट ठेवतो आहेस ते मला कळलं. पाहिलं. मूळ वाण ज्या दोन औषधांवर मरायलाच हवा, त्या दोन्हींवर आपला वाण मजेत वाढला. एवढं करायला मला एक दिवस पुरला. त्र्याण्णवमध्येही एकच दिवस पुरला असता. पण कुणी करणार नव्हतं, कारण नळीवर माझं अक्षर होतं.

आता सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा धीर होणार नाही.

त्या सोमवारी मला मूळ वाण हवा होता आणि तो कुठल्या नळीत आहे ते कळत नव्हतं. मागवला असता तर हैदराबादहून आठ दिवसांत आला असता. पण मागवायचा तर सांगावं लागलं असतं. खालच्या फ्रिजमध्ये आधीच्या एका विद्यार्थ्याची प्लेट होती. त्याने हाच वाण घेऊन एका औषधातून काढला होता, त्यातून जगले ते दुसऱ्या औषधातून काढले होते. शेवटी उरलेले सातआठ ठिपके. मी मनाशी म्हटलं, मूळ तर हाच आहे, दोन औषधं जास्त पचवली एवढंच. त्यातला सगळ्यात गुटगुटीत ठिपका निवडला. सुबक ठिपका उचलायची सवय आहे ना हाताला. त्याच्या दहा नळ्या भरल्या.

स्मृती आता म्हणते की एकामागून एक दोन चाळण्यांतून जे पार होतात, त्यांत मुळातच चुकणारे जास्त असतात. जो खूप चुकतो त्यालाच लवकर सापडते औषधातून सुटायची वाट. म्हणजे सबंध लॅबमध्ये शोधूनही सापडला नसता असा चुकणारा जीव मी स्वतःच्या हाताने निवडून मूळ म्हणून बसवला.

आणि पट्टीवर लिहिलं: मूळ वाण, १९८६. शाईच्याच पेनने. जुनी तारीख जशीच्या तशी उतरवली.

आता त्र्याण्णवच्या अकरा नोव्हेंबरचं. तू उभा होतास, सर बसले होते, मी दाराशी होतो. तू म्हणालास की माझा हात स्वच्छ आहे, वाणात काही असेल. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "नरसिंहराव, स्टॉक?" एवढंच. मी म्हणालो, "मूळ वाण सर, शहाऐंशीचा. माझ्या हातचा."

पुढे कुणी काही विचारलं नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं तू काही बोलशील. तू मान खाली घातलीस आणि बाहेर गेलास. संध्याकाळी गच्चीवरची खोली मोकळी होती, किल्ली अंबुबाईजवळ दिलेली.

मला तेव्हा पक्कं माहीत होतं का, की वाणामुळेच झालं? नव्हतं. शपथेवर सांगतो, नव्हतं. पण तारीख खोटी आहे एवढं पक्कं माहीत होतं, आणि तेवढं बोललो असतो तरी तू सुटला असतास.

मागे संयोगिताच्या लग्नाचं लिहिलं ते मनातून काढून टाक. लग्न तेव्हा होऊनही गेलं होतं. सर मला नोकरीवरूनही काढणार नव्हते, फार तर रागावले असते. खरं कारण सांगायला लाज वाटते. 'नरसिंहरावच्या हातची नळी' असं इथे म्हणायचे. दुसऱ्या संस्थांतून माणसं यायची आणि म्हणायची, वाण द्या, पण राव अण्णांच्या हातचा द्या. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी या गावात आलं तेव्हा कुणी सरदार होते म्हणतात. मी नळ्या धुणारा. मला एवढी एकच पदवी मिळाली होती, आणि ती वाचवायला मी तुझी घालवली.

क्षमा मागायला लेखणी धजत नाही. पण झालं ते वाईट झालं आणि मी केलं.

नरसिंहराव


१६ मार्च १९९७

उपेंद्र,

सरांना सांगितलं.

आपण होऊन सांगायला गेलो असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. तीन वेळा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. बुधवारी स्मृतीनेच सगळ्या प्लेट ट्रेमध्ये घालून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि मला बोलावणं आलं. तू उभा होतास त्याच जागी ती उभी होती. सर आकडे पाहत होते. चष्मा काढून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, अगदी तसंच, "नरसिंहराव, स्टॉक?"

मी म्हणालो, "स्टॉक चुकीचा आहे सर. पाच वर्षांपासून. माझ्या हातचा आहे."

मग उगादीपासून सगळं सांगितलं. संपल्यावर सर म्हणाले, "उपेंद्रला माहीत आहे?"

"पत्रं लिहिली सर."

"मला सांगायच्या आधी?"

"ज्याचं गेलं त्याला आधी सांगावंसं वाटलं."

सर उठून खिडकीशी गेले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. म्हणाले, "त्या दिवशी मी तुला विचारलं, आणि त्याने काय पाहिलं ते त्याला विचारलंच नाही. एक प्लेट लावायला सांगितली असती तरी झालं असतं. तू जुना, तो नवा, एवढ्यावर मी निकाल दिला. मी शास्त्रज्ञ म्हणवतो." मग स्मृतीला बसायला खुर्ची दिली. मला दिली नाही, ते बरोबरच केलं.

त्या वाणावर छापलेले दोन लेख ते परत घेणार आहेत. विद्यापीठाला पत्र गेलं, त्याची प्रत सोबत जोडली आहे. त्यात लिहिलं आहे की उपेंद्र यांचे आकडे खरे होते, चूक प्रयोगशाळेच्या वाणाची होती, त्यांच्याकडून कसलाही निष्काळजीपणा झालेला नव्हता, आणि काम पुन्हा सादर करायची परवानगी द्यावी. तुझ्या तेव्हाच्या प्लेटींचे आकडे स्मृतीने आपल्या आकड्यांशेजारी मांडले आहेत. सुरेख जुळतात. तू ये किंवा येऊ नकोस, ते काम तुझ्या नावाने छापायचं सरांनी ठरवलं आहे. या चुकणाऱ्या वाणाला आता सगळे जपतात, मुलं लांबून बघायला येतात. पहिल्यांदा ज्याने पाहिला त्याच्या आद्याक्षरांवरून वाणाला नाव द्यायची पद्धत आहे. ते तुझं दिलं आहे. पट्टी स्मृतीने लिहिली. मी लिहू का, असं विचारायला तोंड नव्हतं.

माझ्या निरोपाचा समारंभ होता, तो मीच नको म्हणालो. एकतीस तारखेला किल्ल्या देऊन घरी येईन. मीडिया रूमचं काम आत्ताच दुसऱ्याकडे गेलं आहे. मी दिवसभर स्मृतीजवळ बसतो आणि तिला प्रश्न विचारून भंडावतो. काल विचारलं की तिसरा वाचणारा परत कामावर आला तर आधी राहून गेलेल्या चुका दुरुस्त होतात का. नाही म्हणाली, त्या तशाच राहतात, पुढच्या मात्र थांबतात.

एक गोष्ट मला अजून कळत नाही आणि ती तूच सांगू शकशील. त्या दिवशी तू माझ्याकडे पाहिलंस आणि काहीच बोलला नाहीस. का? उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

घरात अंबुबाई माझ्याशी चार दिवस बोलली नाही. आज बोलली. म्हणाली, त्याला लिहा की गच्चीवरची खोली आम्ही कुणाला दिली नाही.

नरसिंहराव


मिरज
२४ मार्च १९९७

अण्णा,

सरांच्या पत्राची प्रत मिळाली. आईने ती देवापुढे ठेवली आहे.

तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. ती नळी स्क्रूच्या झाकणाची होती. तसल्या नळ्या आपल्याकडे एक्क्याण्णवला आल्या, पहिलं खोकं मीच फोडलं होतं. वर तारीख शहाऐंशीची. ते मला त्या दिवशी सरांच्या खोलीत जायच्या आधीच दिसलं होतं. पण तुम्ही मूळ वाण म्हणालात. मला वाटलं, अण्णा म्हणतात म्हणजे माझेच डोळे चुकले, आणि डोळे चुकतात तर प्लेटही मीच चुकीची मोजली असणार. मी तुमच्यावर रागावून गेलो नव्हतो. मला खरंच वाटलं की माझ्याकडूनच झालं.

इथे रोज दुधाच्या नमुन्यांच्या प्लेट मोजाव्या लागतात. तीन वर्षं मी प्रत्येक प्लेट तीनदा मोजतो. सोबतचे हसतात, त्यांचं सगळं काम आटपून जातं तरी माझं चालूच असतं.

काल एकदाच मोजल्या.

उपेंद्र